इंग्रजी भाषाचाचणी: प्रश्नपेढीच्या कामाच्या नोंदी

३ जून
संविधान तक्ता (कोणत्या भागाला किती प्रश्न आणि किती वेळ याचा आराखडा) पक्का केला. एकूण ६० प्रश्न: व्याकरण ३०, रोजचे संभाषण १५, वाचन आकलन १५ (तीन उतारे, प्रत्येकी पाच प्रश्न). वेळ ६० मिनिटे, पण सरसकट वाटलेली नाही. व्याकरण आणि संभाषणाच्या प्रश्नाला ४० सेकंद पुरतात, म्हणजे त्या दोन भागांची मिळून ३० मिनिटे. उरलेली ३० मिनिटे पूर्णपणे वाचनाची. घड्याळ एकच ठेवले तर लोक व्याकरणातच अडकून बसतात आणि शेवटचा उतारा न वाचता ठोकून देतात. मग त्या गुणांना आकलनाचे गुण म्हणता येत नाही. म्हणून तिन्ही भागांना वेगवेगळे घड्याळ.

पातळी ए२ (प्राथमिक) आणि बी१ (त्यावरची, मध्यम), युरोप परिषदेच्या २००१ च्या भाषापातळ्यांच्या आराखड्यानुसार. त्या आराखड्यात शिकणारा भाषेत काय करू शकतो याची वर्णने आहेत, कोणता काळ कोणत्या पातळीवर शिकवावा अशी यादी नाही. त्यामुळे व्याकरणाची विभागणी आमची आम्हालाच करावी लागली: काळ १०, उपपदे (ए, ॲन, द) ५, प्रिपोझिशन ५, प्रश्नरचना ४, मोडल क्रियापदे (कॅन, मस्ट वगैरे) ४, तुलना २.

नोंदींत इंग्रजी वाक्येही देवनागरीत लिहिली आहेत. चाचणीत ती अर्थात रोमन लिपीतच जातील.

५ जून
चुकीचे पर्याय कुठून आणायचे, यावर आजचा दिवस गेला. टेबलाशी बसून मनाने रचलेले पर्याय बहुतेक वेळा वाया जातात, कारण ते कोणी निवडतच नाही. ‘शी ___ टू वर्क एव्हरी डे’ याखाली ‘गोइंग्ज’ असा पर्याय दिला तर त्याने फक्त जागा अडते. पद्धत अशी ठरली: प्रश्न आधी पर्यायांशिवाय, गाळलेली जागा म्हणून द्यायचा. आलेली चुकीची उत्तरे मोजायची. सर्वांत जास्त वेळा आलेल्या दोन चुका म्हणजे आपले दोन विचलक. पर्याय खोटा हवा, पण शिकणाऱ्याला खरा वाटणारा हवा.

मराठी भाषकांच्या चुकांची वेगळी वही सुरू केली, कारण त्यांतल्या बऱ्याच चुकांचे मूळ मराठीतच सापडते.

‘दहा वर्षांपासून’ आणि ‘२०१५ पासून’, दोन्हीकडे आपला ‘पासून’ एकच. इंग्रजीत कालावधीला ‘फॉर’ आणि आरंभबिंदूला ‘सिन्स’. त्यात ‘राहतोय’चे थेट ‘ॲम लिव्हिंग’ होते. दोन्ही मिळून ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स’ तयार होते. एका वाक्यात दोन चुका. एका प्रश्नात दोन्ही तपासायच्या नाहीत, नाहीतर नेमके काय चुकले ते कळणार नाही. क्रियापदाचा प्रश्न वेगळा, ‘सिन्स’-‘फॉर’चा वेगळा.

‘मी पोहोचेन तेव्हा फोन करेन’ यात आपण दोन्हीकडे भविष्यकाळ वापरतो. इंग्रजीत ‘व्हेन’च्या भागात साधा वर्तमान: ‘व्हेन आय गेट देअर, आय विल कॉल यू’. ‘व्हेन आय विल गेट देअर’ हा उत्तम विचलक.

‘स्टेशन कुठे आहे?’ आणि ‘स्टेशन कुठे आहे ते सांगाल का?’ या दोन वाक्यांत मराठीत आतल्या भागाचा क्रम बदलत नाही. इंग्रजीत बदलतो: ‘व्हेअर इज द स्टेशन?’ पण ‘कॅन यू टेल मी व्हेअर द स्टेशन इज?’

‘कशाबद्दल चर्चा करणे’ यातून ‘डिस्कस अबाउट’, ‘कुणाशी लग्न’ यातून ‘मॅरीड विथ’. आणि वाक्याच्या शेवटचा ‘ना?’ आपल्याकडे कर्ता-काळ काहीही असो तोच राहतो, म्हणून सगळीकडे ‘इझन्ट इट?’

उपपदांना मराठीत जोडच नाही. तिथे नियमाने चूक होत नाही, अंदाजाने होते. एकाच नियमाचे किमान दोन प्रश्न ठेवल्याशिवाय उपपदांच्या गुणांवर भरवसा ठेवता येणार नाही.

९ जून
पहिल्या ३० प्रश्नांची छाननी. सर्वांत मोठा दोष: एकापेक्षा जास्त बरोबर उत्तरे. यात प्रश्नकर्त्याचे इंग्रजी कच्चे असते असे नाही. त्याच्या डोक्यात एक प्रसंग असतो आणि तो कागदावर उतरलेला नसतो.

‘आय ___ माय कीज’ (लॉस्ट / हॅव लॉस्ट). ब्रिटिश वापरात किल्ल्या अजून सापडलेल्या नसतील तर दुसरे स्वाभाविक, अमेरिकन वापरात पहिलेही सहज चालते. ‘यस्टरडे’ जोडला की पहिलेच उत्तर उरते.

‘इफ इट ___, वी विल स्टे इन’ (रेन्स / इज रेनिंग). दोन्ही बरोबर. दुसरा पर्याय बदलून ‘विल रेन’ केला.

‘ही सेड ही ___ टायर्ड’ (वॉज / इज). सांगितलेली गोष्ट अजून खरी असेल तर ‘इज’ चुकीचे नाही. शाळेच्या पुस्तकांत काळ मागे नेणे सक्तीचे असते, भाषेत नसते. प्रश्न रद्द.

‘दिस इज द मॅन ___ आय मेट’ (हू / हूम / दॅट). तिन्ही चालतात, काहीच न लिहिले तरी चालते. रद्द.

‘ॲट द वीकेंड’ की ‘ऑन द वीकेंड’, ‘द टीम इज’ की ‘द टीम आर’: जिथे प्रदेशानुसार वापर बदलतो तिथे प्रश्नच नको. आपण इंग्रजी तपासतो आहोत, एखाद्या देशाशी निष्ठा तपासत नाही.

उपाय: छाननी करणाऱ्याला उत्तरसूची द्यायची नाही. त्याने प्रत्येक पर्याय वाक्यात बसवून, तो चालेल असा एक तरी प्रसंग सुचतो का ते पाहायचे. सुचला तर प्रश्न परत.

१० जून
उत्तर फोडणाऱ्या खुणा काढल्या. रिकाम्या जागेआधी ‘ॲन’ आणि पर्यायांत स्वराने सुरू होणारा शब्द एकच. बरोबर पर्याय बाकीच्यांपेक्षा लांब (ही सवय फार चिवट, कारण बरोबर उत्तर निर्विवाद करण्यासाठी आपण त्यात शब्द भरत जातो). ७ व्या प्रश्नाचे उत्तर १९ व्या प्रश्नाच्या वाक्यात छापलेले. ‘ऑल्वेज’, ‘नेव्हर’ असलेले पर्याय नेहमी चुकीचे. उत्तराची जागा हाताने ठरवली की ती मधल्या पर्यायाकडे झुकते, म्हणून जागा आता फाशाने.

१२ जून
पर्याय तीन की चार? चारची सवय आहे, पण चौथा चांगला विचलक क्वचितच सापडतो. या विषयावरच्या ८० वर्षांच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २००५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याचा निष्कर्ष तीन पर्यायांच्या बाजूने आहे. वाचायचा वेळ वाचतो आणि तेवढ्याच वेळात जास्त प्रश्न मावतात.

अंदाजाचा हिशेब करून पाहिला. दहा प्रश्न, सगळे अंदाजाने, सात किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता: दोन पर्याय असतील तर १०२४ पैकी १७६, म्हणजे सुमारे १७ टक्के. तीन असतील तर जवळपास २ टक्के. चार असतील तर ०.३५ टक्के. दोनवरून तीनवर जाण्यात मोठा फायदा आहे, तीनवरून चारवर जाण्यात थोडा. तीन पर्याय कायम. खरे-खोटेचे प्रश्न त्याच आकड्यांमुळे बाद.

१६ जून
संभाषणाचा भाग. इथे व्याकरणाचे प्रश्न वेश बदलून शिरतात, त्यांना अडवायचे आहे. तिन्ही पर्याय व्याकरणाने शुद्ध असलेच पाहिजेत. चूक फक्त प्रसंगाला न शोभण्यातली हवी. ‘कॅन यू ओपन द विंडो?’ याला ‘येस, आय कॅन’ हे शुद्ध वाक्य आहे, पण एवढे म्हणून जागेवर बसून राहणाऱ्याला विनंती कळलेलीच नाही.

‘वुड यू माइंड’चे प्रश्न अवघड गेले. शब्दशः पाहिले तर मदतीला होकार देणारे उत्तर ‘नॉट ॲट ऑल’. पण बोलण्यात लोक ‘शुअर’ म्हणून सरळ दार लावतात आणि ते कोणालाही खटकत नाही. म्हणून ‘शुअर’ हा चुकीचा पर्याय म्हणून द्यायचा नाही. शेवटचे रूप: ‘वुड यू माइंड क्लोझिंग द डोअर?’ – ‘नॉट ॲट ऑल’ / ‘येस, आय वुड लाइक दॅट’ / ‘नो, थँक यू’. तिसरा पर्याय चांगला आहे: वाक्य विनंतीचे आहे, काही देऊ करण्याचे नाही, हे ज्याला कळत नाही तो तिथे जातो.

नकारार्थी प्रश्न ही मराठी भाषकांची खास अडचण. ‘त्याने फोन नाही केला?’ याला आपण ‘हो, नाही केला’ म्हणतो, म्हणजे समोरच्याच्या म्हणण्याला होकार देतो. इंग्रजीत ‘येस’ किंवा ‘नो’ पुढच्या क्रियापदाशी जुळतो: ‘डिडन्ट ही कॉल?’ – ‘नो, ही डिडन्ट’. ‘येस, ही डिडन्ट’ असा पर्याय दिला की प्रश्न व्याकरणात घसरतो. म्हणून उलट बाजूने विचारले: नुसते ‘नो’ असे उत्तर आले, तर फोन आला की नाही? आता तपासले जाते ते फक्त आकलन.

न बोललेला अर्थ कळतो का, याचेही चार प्रश्न. ‘आर यू कमिंग टुनाइट?’ – ‘आय हॅव ॲन एक्झाम टुमॉरो.’ दुसरा येणार आहे, नाही, की अजून ठरलेले नाही? भाषेचे तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी १९७५ मध्ये मांडलेला सूचितार्थाचा विचार इथे कामी येतो: उत्तर विषयाला धरूनच असणार असे ऐकणारा गृहीत धरतो आणि त्यातूनच नकार समजतो. ‘अजून ठरलेले नाही’ या पर्यायावर छाननीत वाद झाला आणि तो रास्त होता. परीक्षा असूनही कोणी येऊ शकतो. उत्तरात ‘सॉरी’ जोडून वाद मिटवला.

१८ जून
संभाषणाचा लेखी भाग बोलण्याची परीक्षा नव्हे. त्यातून योग्य प्रत्युत्तर ओळखता येते का एवढेच कळते. निकालपत्रात या भागाचे नाव ‘संभाषणातील प्रत्युत्तर’ असे बदलले.

बोलण्यासाठी स्वतंत्र छोटी जोडचाचणी: प्रसंगाची पाटी, ३० सेकंद तयारी, ६० सेकंद बोलणे, असे तीन प्रसंग. गुण चार निकषांवर, प्रत्येकी ० ते ५: काम साधले का, ओघ, शब्द व रचना, उच्चार समजतात का. शेवटच्या निकषात ‘समजतात’ हा शब्द मुद्दाम आहे. लहेजाला गुण नाहीत आणि लहेजासाठी कापायचेही नाहीत.

दोन परीक्षक, एकमेकांचे गुण न पाहता. एका निकषावर एकापेक्षा जास्त गुणांचा फरक पडला तर तिसरा. ओघवते बोलणाऱ्याला नकळत सगळ्याच निकषांवर चढे गुण जातात, म्हणून आधी सर्वांचा पहिला निकष तपासायचा, मग सर्वांचा दुसरा. यात ध्वनिफिती चारदा ऐकाव्या लागतात. काम वाढते, पण ते टाळायचे नाही. दर २० फितींनंतर ठरलेल्या दोन नमुना फिती पुन्हा ऐकायच्या. परीक्षकाचा हात सैल किंवा कडक होत चालला असेल तर तो तिथे पकडला जातो.

२३ जून
उतारे. ए२ साठी १२० ते १५० शब्द, बी१ साठी २२० ते २५०. तिन्ही आम्हीच लिहिलेले. जुना तयार उतारा घेतला तर काहींनी तो आधी वाचलेला असण्याचा धोका राहतो.

अनोळखी शब्दांची मर्यादा: मदतीशिवाय नीट समजायला मजकुरातले ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात, असे वाचनसंशोधनात मानले जाते. म्हणजे ५० शब्दांत एक अनोळखी, २५० शब्दांच्या उताऱ्यात पाच. मोजताना विशेषनामे वगळायची. एखाद्या अवघड शब्दावर प्रश्न विचारायचा असेल तर त्याचा अर्थ आजूबाजूच्या दोन वाक्यांतून निघालाच पाहिजे.

सुलभतेचे सूत्र (रुडॉल्फ फ्लेश, १९४८) लावून पाहिले. ते फक्त दोन गोष्टी मोजते: वाक्यात शब्द किती आणि शब्दात अवयव (उच्चाराचे तुकडे) किती. दुसऱ्या उताऱ्याला त्याने ‘सोपा’ ठरवले, पण त्यात ‘इट’ सात ठिकाणी आहे आणि ते चार वेगवेगळ्या गोष्टींसाठी आहे. वाचणाऱ्याची खरी दमछाक तिथेच होते, आणि सूत्राला ते दिसत नाही. तीन ‘इट’ काढून तिथे नामे घातली.

२४ जून
प्रश्न उताऱ्याशिवाय सोडवून पाहिले. वाचनाच्या प्रश्नांसाठी यापेक्षा स्वस्त आणि कडक तपासणी माहीत नाही. उतारा झाकायचा, फक्त प्रश्न आणि पर्याय वाचून उत्तर द्यायचे. तीन पर्यायांच्या १५ प्रश्नांत अंदाजाने पाच बरोबर यावेत. त्याहून बरेच जास्त आले तर प्रश्न उताऱ्यावर अवलंबूनच नाहीत.

मधमाश्यांचा उतारा पुरता उघडा पडला. ‘मधमाश्या मध कशापासून बनवतात?’ हे उताऱ्याविना कोणालाही येते. सामान्य ज्ञानावर चालणारे विषयच टाळले पाहिजेत. त्याच्या जागी एका कार्यालयातल्या सूचनापत्राचा उतारा घेतला: वेळापत्रक बदलले, कोणाला लागू, कोणाला नाही, अपवाद काय. हे तपशील वाचल्याशिवाय कळूच शकत नाहीत.

दुसरा दोष याच्या उलटा. बरोबर पर्यायात उताऱ्यातलेच शब्द जसेच्या तसे होते, म्हणून न समजताही नुसते शब्द जुळवून उत्तर मिळते. आता नियम असा: बरोबर पर्याय वेगळ्या शब्दांत लिहायचा, उताऱ्यातले शब्द विचलकांत पेरायचे. उताऱ्यात ‘द मीटिंग वॉज पुट ऑफ अंटिल फ्रायडे’ असेल तर बरोबर पर्याय ‘इट विल हॅपन लेटर दॅन प्लॅन्ड’, आणि विचलक ‘द मीटिंग वॉज कॅन्सल्ड’. ‘पुट ऑफ’ म्हणजे रद्द, असा समज बराच पसरलेला आहे.

प्रश्नांचा क्रम उताऱ्याच्या क्रमाने. संपूर्ण उताऱ्याचा आशय विचारणारा प्रश्न शेवटी.

२७ जून
‘बरोबर / चूक / उताऱ्यात सांगितलेले नाही’ हा प्रकार घ्यावा की नाही? पर्याय तीन होतात, त्यामुळे अंदाजाचा प्रश्न सुटतो, पण ‘चूक’ आणि ‘सांगितलेले नाही’ यांतली सीमा प्रश्नकर्त्यालाच धूसर असते. ‘ग्रंथालय सोमवारी बंद असते’ असे उताऱ्यात आहे आणि विधान ‘ग्रंथालय रोज उघडे असते’: हे चूक. विधान ‘ग्रंथालयात रविवारी गर्दी असते’: सांगितलेले नाही. इथवर ठीक. पण विधान ‘ग्रंथालय आठवड्यातून सहा दिवस उघडे असते’ असेल तर? बाकीचे सहा दिवस उघडे असते असे उतारा कुठे म्हणतो? घासाघीस करून निकष ठरला: विधानाला खोटे पाडणारे वाक्य उताऱ्यात बोटाने दाखवता आले तरच ‘चूक’. हा प्रकार बी१ च्या एकाच उताऱ्याला, तिथे पाचही विधाने याच निकषावर तपासून.

१ जुलै
क्लोझ आणि सी-टेस्ट (उताऱ्यातले गाळलेले शब्द किंवा शब्दांचे भाग भरायच्या चाचण्या) ताडून पाहण्यासाठी तयार केल्या, मुख्य चाचणीत नाहीत. क्लोझ (विल्सन टेलर, १९५३): पहिले वाक्य अखंड ठेवून पुढे दर सातवा शब्द गाळायचा. ३५ जागा हव्यात तर गाळणीचा भागच २४५ शब्दांचा लागतो. मूळ शब्दच हवा की अर्थाने बसणारा कोणताही चालेल, हे आधीच ठरवायचे. शिकणाऱ्यांसाठी दुसरेच योग्य, पण मग मान्य शब्दांची यादी लिहून ठेवावी लागते.

सी-टेस्टमध्ये दर दुसऱ्या शब्दाचा उत्तरार्ध गाळतात. अक्षरे विषम असतील तर गाळलेला भाग एका अक्षराने मोठा: पाच अक्षरी शब्दाची दोन अक्षरे दिसतात, तीन भरायची.

४ जुलै
संगणकावर चढवताना निघालेले दोष. गाळलेल्या जागेत बरोबर लिहिलेला ‘डोन्ट’ चूक ठरत होता: फोनचा कळफलक वळणदार ॲपॉस्ट्रॉफी टाकतो आणि उत्तरसूचीत सरळ होती. तपासणीपूर्वी दोन्ही एकच करून घ्यायच्या. शेवटची मोकळी जागा छाटायची, मोठी-लहान लिपी सारखी करायची, ‘डू नॉट’ आणि ‘डोन्ट’ दोन्ही मान्य. ऑटोकरेक्ट आणि शब्दसूचना बंद, नाहीतर स्पेलिंगचे गुण फोनला जातात. पर्यायांची उलटापालट चालू असेल तर ‘वरीलपैकी दोन्ही’ निरर्थक होते. असे दोन प्रश्न होते, बदलले. लहान पडद्यावर उतारा वर आणि प्रश्न खाली गेला की माणूस सतत वरखाली सरकवत राहतो. उताऱ्यासाठी वेगळी सरकती चौकट केली.

९ जुलै
पूर्वचाचणीच्या विश्लेषणाची रीत. काठिण्यमूल्य म्हणजे बरोबर उत्तर देणाऱ्यांचे प्रमाण. ०.३ ते ०.८ ठेवायचे, सुरुवातीचे दोन-तीन प्रश्न त्याहून सोपे चालतील. भेदमूल्यासाठी (प्रश्न चांगले आणि कच्चे विद्यार्थी किती वेगळे करतो) एकूण गुणांवरून वरचे २७ टक्के आणि खालचे २७ टक्के घ्यायचे. ६० जण असतील तर गट १६ जणांचे. समजा वरच्या गटात १४ बरोबर, खालच्यात ६, तर भेदमूल्य ८ भागिले १६, म्हणजे ०.५, उत्तम. ०.२ च्या खाली असेल तर प्रश्न पुन्हा पाहायचा. उणे आले तर आधी उत्तरसूची तपासायची, बहुतेकदा चूक तिथेच असते. सूची बरोबर निघाली तर चांगले विद्यार्थी कोणता पर्याय घेतात ते पाहायचे. त्यांनी दुसरी बरोबर शक्यता शोधलेली असते.

कोणीच न निवडलेला विचलक काढून टाकायचा आणि ५ जूनच्या वहीतून नवा घ्यायचा.

१५ जुलै
विश्वसनीयता म्हणजे गुणांवर किती भरवसा ठेवता येतो ते सांगणारा आकडा. त्यासाठी केआर-२० हे सूत्र (कुडर आणि रिचर्डसन, १९३७) सरसकट वापरणार होतो, थांबवले. एका उताऱ्यावरचे पाच प्रश्न एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. उताऱ्याचा एक धागा चुकला की तीन प्रश्न एकदम जातात, आणि सूत्र त्याला सुसंगती समजून आकडा फुगवते. म्हणून उतारा हाच एक घटक, ० ते ५ गुणांचा, धरून क्रॉनबाख यांचा आल्फा (विश्वसनीयतेचेच दुसरे माप) काढायचा. आकडा खाली येईल, पण तो खरा असेल.

प्रमाणत्रुटी (मिळालेले गुण खऱ्या पातळीपासून साधारण किती ढळू शकतात) निकालपत्रावर छापायची. प्रमाण विचलन (गुणांचा फैलाव) ६ आणि विश्वसनीयता ०.८४ असेल तर त्रुटी ६ गुणिले ०.४, म्हणजे २.४ गुण. ४० गुण मिळवणाऱ्याची खरी पातळी ३८ ते ४२ च्या आसपास कुठेही असू शकते. त्यामुळे सीमेच्या दोन गुण आत-बाहेर असलेल्यांना थेट पातळी न देता बोलण्याची जोडचाचणी द्यायची.

१८ जुलै
बी१ ची सीमा अँगॉफ पद्धतीने. प्रत्येक तज्ज्ञाने बी१ च्या उंबरठ्यावरचे शंभर जण डोळ्यांपुढे आणायचे आणि त्यांतले किती जण हा प्रश्न सोडवतील ते लिहायचे. आकड्यांना शंभराने भागून ६० प्रश्नांची बेरीज म्हणजे त्या तज्ज्ञाची सीमा, आणि सर्वांची सरासरी म्हणजे चाचणीची. पहिल्या फेरीत तज्ज्ञ हमखास सरासरी विद्यार्थ्याचा विचार करतात, उंबरठ्यावरच्याचा नाही, आणि सीमा वर सरकते. दुसऱ्या फेरीआधी काठिण्यमूल्ये दाखवायची. तीन पर्यायांच्या प्रश्नाला ३३ पेक्षा कमी आकडा लिहिलेला दिसला तर कारण विचारायचे, कारण तेवढे तर अंदाजानेही येतात.

२१ जुलै
उरलेले: उपपदांचे दोन प्रश्न अजून दुहेरी उत्तराचे आहेत. तिसऱ्या उताऱ्याचा शेवटचा प्रश्न लांबीने उत्तर सांगतो. बोलण्याच्या नमुना फितींपैकी दुसरीत आवाज कमी आहे, पुन्हा ध्वनिमुद्रण. दुसऱ्या संचासाठी पहिल्याच तक्त्यावर नवे ६० प्रश्न, त्यांतले १२ दोन्ही संचांत समान ठेवायचे, म्हणजे दोन संचांची काठिण्यपातळी ताडता येईल. समान प्रश्न दोन्हीकडे साधारण त्याच क्रमांकावर येतील असे बघायचे. शेवटी गेलेला प्रश्न वेळेअभावी चुकतो आणि उगाच अवघड दिसतो.